रस्त्यावरचा छायाचित्रकार : जोएल मेयरोविट्झ

छायाचित्र म्हटलें म्हणजे आपणांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक ठराविक देखावा उभा राहतो. स्वच्छ कपडे घातलेलीं माणसें ओळीनें बसलेलीं आहेत, उंच मुलें मागें व लहान मुलें पुढें आहेत, हात गुडघ्यांवर आहेत, आणि छायाचित्रकार "हलूं नका" असें बजावीत आहे. शाळेच्या वार्षिकांत वर्गावर्गांचीं जीं चित्रें येतात तीं ह्याच जातीचीं होत. त्यांचें महत्त्व आम्ही कमी मानीत नाहीं. पुष्कळ वर्षांनीं तींच चित्रें हातीं घेऊन माणसें आपल्या सोबत्यांचीं नांवें आठवीत बसतात. परंतु अशा चित्रांतील प्रत्येकाला आपलें चित्र घेतलें जात आहे हें ठाऊक असतें, आणि तें ठाऊक असल्यामुळें त्याचा चेहरा तेवढ्या क्षणापुरता त्याचा स्वतःचा राहत नाहीं.

ह्याहून अगदीं निराळा असा छायाचित्रणाचा एक प्रकार आहे. त्यांत खुर्ची नाहीं, पडदा नाहीं, कोणास सूचना देणें नाहीं. रस्ता हीच त्याची चित्रशाळा. बाजारास जाणारी बाई, कचेरीस उशीर झालेला कारकून, भांडणारीं मुलें, भिंतीवर पडलेली सावली, ह्यांपैकीं जें समोर येईल तें, आणि तेंहि निमिषमात्रांत टिपावयाचें. क्षण गेला कीं तो गेला. "पुन्हां एकदां असेच चाला" असें म्हणण्याची सोय नाहीं. आज बहुतेक घरांत खिशांतील टेलिफोनाबरोबर कॅमेराहि येऊन बसला आहे, व दिवसांतून कितीदां तरी तो उघडला जातो. असा कॅमेरा हातीं असलेल्या विद्यार्थ्यांना ह्या कलेची खरी ओळख व्हावी म्हणून आम्ही अमेरिकेंतील जोएल मेयरोविट्झ ह्यांचें चरित्र निवडिलें आहे.

मेयरोविट्झ ह्यांचा जन्म ६ मार्च १९३८ रोजीं न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत झाला. वस्ती कामकरी लोकांची. आणि अशा वस्तींत मुलांचें करमणुकीचें मोठें साधन म्हणजे रस्ता. वडील हाय मेयरोविट्झ हे फिरते विक्रेते होते. माणसांच्या हालचाली ओळखण्याची त्यांना उपजतच हातोटी होती. रस्त्यांत मुलाबरोबर उभे असतां ते एखाद्या दिशेस बोट दाखवून, आतां तिकडे लक्ष ठेव, असें सांगत. आणि खरोखरच क्षणा-दोन क्षणांत तेथें कांहीं तरी गंमत घडे. ह्या बापानें मुलाला कॅमेरा दिला नाहीं, चित्रकलेचे धडेहि दिले नाहींत. फक्त कोठें पाहावें व कधीं पाहावें एवढें शिकविलें. ही शिकवण पुढें किती कामास आली हें लेखाच्या ओघांत दिसेलच.

ओहायो राज्याच्या विद्यापीठांत त्यांनीं चित्रकला व वैद्यकीय रेखाटन हे विषय घेतले आणि १९५९ सालीं पदवी मिळविली. वैद्यकीय रेखाटन म्हणजे शरीराचे अवयव, स्नायु, शिरा ह्यांचीं डॉक्टरांना उपयोगी पडतील अशीं बिनचूक चित्रें काढणें. त्यांत कल्पनेला वाव थोडा; आहे तें आहे तसें दिसलें पाहिजे. नंतर ते न्यूयॉर्कला परत आले व एका जाहिरात कंपनींत चित्रविभागाचें काम पाहूं लागले. वय चोवीस, नोकरी चांगली, पगार नियमित. येथपर्यंतचें चरित्र शेंकडों तरुणांचें असतें तसेंच आहे.

१९६२ सालीं त्यांनीं आंखलेल्या एका पुस्तिकेसाठीं छायाचित्रें घ्यावयाचीं होतीं. कंपनीनें छायाचित्रकार ठरविला होता. त्याच्यावर देखरेख करण्यास मेयरोविट्झ ह्यांस पाठविण्यांत आलें. तो छायाचित्रकार म्हणजे रॉबर्ट फ्रँक. स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेल्या ह्या गृहस्थानें मोटारींतून अमेरिकाभर हिंडून घेतलेल्या चित्रांपैकीं ८३ चित्रांचें "दि अमेरिकन्स" हें पुस्तक थोड्याच वर्षांपूर्वीं प्रसिद्ध झालें होतें, व आज तें विसाव्या शतकांतील प्रमुख छायाचित्रग्रंथांत गणलें जातें. मेयरोविट्झ ह्यांना ह्यांतलें कांहींच माहीत नव्हतें. त्यांनीं एवढेंच पाहिलें कीं दोन लहान मुली घरांत आपापल्या नादांत वावरत आहेत, आणि हा मनुष्य त्यांना एक शब्दहि न सांगतां त्यांच्याभोंवतीं हळूच फिरत आहे. त्याच्या कॅमेऱ्याचा टिच् असा आवाज होई तेव्हां तेव्हां मुलींच्या हालचालींतील एखादा भाव नेमका पूर्णतेस पोंचलेला असे. छायाचित्र घेतांना चालतां येतें, हेंच त्यांना नवीन होतें! त्यांची समजूत अशी कीं माणसें स्थिर उभीं करावयाचीं व स्वतःहि स्थिर उभें राहावयाचें.

काम संपवून ते रस्त्यानें परत निघाले. रस्ता रोजचाच होता, पण आज प्रत्येक हातवारा, प्रत्येक वळलेली मान त्यांना अर्थपूर्ण दिसूं लागली. कंपनींत पोंचतांच त्यांनीं वरिष्ठांस सांगितलें कीं मी ह्या शुक्रवारीं नोकरी सोडतों. मला छायाचित्रकार व्हावयाचें आहे. त्यांचे वरिष्ठ हॅरी गॉर्डन ह्यांनीं विचारलें, तुझ्यापाशीं कॅमेरा आहे काय? उत्तर अर्थातच नकारार्थी होतें. गॉर्डन ह्यांनीं आपल्या कपाटांतला पेंटॅक्स कॅमेरा काढून त्यांच्या हातांत ठेविला.

हें वाचून पालकवर्गाच्या कपाळास आठ्या पडतील हें आम्ही जाणून आहों. हातची नोकरी सोडून उसन्या कॅमेऱ्यावर आयुष्य उभारणें ही सर्वांनीं अनुकरण करावें अशी गोष्ट आहे असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. पण दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. चित्र कसें रचावें ह्याचें शिक्षण त्यांनीं पुरें केलेलें होतें. आणि पुढेंहि पोटासाठीं व्यावसायिक कामें करावयास त्यांनीं कधीं कमीपणा मानला नाहीं. आणि गॉर्डन ह्यांचीहि आठवण ठेवली पाहिजे. हाताखालचा माणूस नोकरी सोडून चालला असतां त्याच्यावर रागावणारे वरिष्ठ पुष्कळ भेटतात. त्याच्या वाटखर्चाची सोय करणारे विरळा.

आतां शिक्षण सुरू झालें तें रस्त्यावर. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू ह्या मोठ्या हमरस्त्यावर ते रोज तासन्‌तास चालत. त्यांना लवकरच दोन सोबती मिळाले. एक टोनी रे-जोन्स नांवाचा इंग्रज तरुण, जो पुढें १९७२ सालीं अवघ्या तिसाव्या वर्षीं वारला. दुसरे गॅरी विनोग्रँड, वयानें दहा वर्षांनीं वडील. विनोग्रँड ह्यांची चित्रें घेण्याची भूक एवढी अफाट होती कीं १९८४ सालीं ते मृत्यु पावले तेव्हां त्यांच्यामागें हजारों फिल्म्स न धुतलेल्या अशाच पडून होत्या. एवढ्या मोठ्या कलावंतानें स्वतःचींच चित्रें पाहिलीं नाहींत!

नवशिक्याची मुख्य अडचण यंत्राची नसते, भिडेची असते. अनोळखी माणसाच्या चार हातांवर जाऊन त्याच्यापुढें कॅमेरा धरावा कसा? मेयरोविट्झ व रे-जोन्स ह्यांनीं ह्यावर एक युक्ति काढली. न्यूयॉर्कमध्यें संत पॅट्रिकच्या सणासारख्या प्रसंगीं मोठमोठ्या मिरवणुकी निघतात. सारे लोक मिरवणूक पाहत असतात. त्यामुळें बघ्यांकडे बघणाऱ्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. हे दोघे मिरवणुकीकडे पाठ करून लोकांचींच चित्रें घेत. अशाच एका मिरवणुकींत १९६३ सालीं त्यांना एक चपळ गृहस्थ नाचल्यासारखे पावलें टाकीत चित्रें घेतांना दिसले. मेयरोविट्झ स्वतः सांगतात कीं एक दारुड्या त्या गृहस्थांच्या अंगावर धांवला, तेव्हां त्यांनीं मनगटास पट्ट्यानें बांधलेला कॅमेरा त्याच्या तोंडाच्या दिशेनें भिरकावला. तो दचकून मागें सरला, आणि कॅमेरा पट्ट्याच्या ओढीनें पुन्हां हातांत आला! हे गृहस्थ म्हणजे सुप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ. आपल्या देशाशीं त्यांचा संबंध फार निकटचा आहे. ३० जानेवारी १९४८ रोजीं, वधापूर्वीं थोडाच वेळ, त्यांनीं महात्मा गांधींची भेट घेतली होती, आणि महात्माजींच्या अंत्ययात्रेचीं त्यांनीं घेतलेलीं चित्रें जगभर पसरलीं.

येथें थोडी यंत्राची माहिती सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून मेयरोविट्झ ह्यांचें मोठेपण कळणार नाहीं. त्या काळीं फिल्म दोन जातींची वापरीत: कृष्णधवल आणि रंगीत. फिल्मची प्रकाश ग्रहण करण्याची शक्ति आंकड्यानें सांगत. ट्राय-एक्स ह्या नांवाजलेल्या कृष्णधवल फिल्मचा आंकडा ४०० होता. कोडॅक्रोम ह्या रंगीत फिल्मचा आंकडा होता २५. म्हणजे रंगीत फिल्मला सोळापट प्रकाश हवा. जें चित्र कृष्णधवल फिल्मवर एका सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत उमटे, त्याच छिद्रांतून रंगीत फिल्मवर तें उमटावयास सुमारें साठावा हिस्सा लागे. आतां कोणीहि विद्यार्थ्यानें हिशेब करून पाहावा: जवळून झपाझप चालत जाणारा मनुष्य सेकंदाच्या साठाव्या हिश्शांत किती सरकेल? चित्र पुसट होण्यास तेवढें पुरे. शिवाय रंगीत चित्र कागदावर छापून घेणें फार खर्चाचें असे. म्हणून रस्त्यावरचे छायाचित्रकार बहुधा कृष्णधवल फिल्मच वापरीत.

दुसरें कारण अभिमानाचें होतें. रंग म्हणजे जाहिरातींचा भडकपणा किंवा घरगुती सहलींचीं चित्रें. गंभीर कलावंतानें रंगाच्या वाटेस जाऊं नये, असा त्या वेळच्या कलाजगतांत एक अलिखित नियम होता. मेयरोविट्झ ह्यांना तो नियम ठाऊकच नसल्यामुळें त्यांनीं पहिल्याच दिवसापासून रंगीत फिल्म भरली! पुढें नियम कळल्यावर त्यांनीं तो निमूटपणें मान्यहि केला नाहीं, आणि नुसता वादहि घातला नाहीं. खांद्यावर दोन कॅमेरे, एकांत रंगीत व दुसऱ्यांत कृष्णधवल फिल्म, घेऊन ते हिंडूं लागले. व शक्य तेथें एकाच प्रसंगाचीं दोन्ही चित्रें घेऊन घरीं तीं शेजारीं शेजारीं मांडून पाहूं लागले. ह्या जोड्यांवरून त्यांनीं जो निष्कर्ष काढला तो असा: छायाचित्राचें काम समोरच्या वस्तूचें वर्णन करणें हें असेल, तर रंगीत चित्र अधिक वर्णन करतें, मग तें कमी प्रतीचें कसें? शास्त्राच्या तासास आपण प्रयोग करतों तशीच ही पद्धति नव्हे काय? ह्या जोड्यांचें पुस्तक पुष्कळ उशीरां, २०२३ सालीं, "अ क्वेश्चन ऑफ कलर" ह्या नांवानें निघालें. दरम्यान कलाजगताचें मत हळूहळू बदललें होतें. १९७६ सालीं विल्यम एगल्स्टन ह्यांच्या रंगीत चित्रांचें प्रदर्शन न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्यें भरलें तेव्हां त्यावर टीकेची झोड उठली. आज त्याच चित्रांचा आदरानें उल्लेख होतो.

मेयरोविट्झ ह्यांचें १९७५ सालचें एक चित्र घ्या. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर थंडीच्या दिवसांतलें तिरपें ऊन पडलें आहे. उंटाच्या रंगाचे कोट घातलेले एक स्त्री व एक पुरुष पाठमोरे चालले आहेत. पुढें रस्त्यांतून पांढरी वाफ उसळत आहे, कारण त्या शहरांत १८८२ सालापासून जमिनीखालच्या नळांतून इमारतींना वाफ पुरविली जाते. घडत आहे म्हणावें असें चित्रांत कांहींच नाहीं. पण उन्हाचा व कोटांचा तो पिंवळसर रंग काढून टाकला तर चित्राचा प्राणच जाईल.

ह्याच्या उलट १९६७ सालचें पॅरिसमधील चित्र पाहिलें म्हणजे मन अस्वस्थ होतें, आणि आमच्या मतें त्यांच्या सर्व चित्रांत ह्याच चित्रापाशीं अधिक थांबलें पाहिजे. मेयरोविट्झ १९६६-६७ मध्यें युरोपांत वर्षभर प्रवास करीत होते. पॅरिसच्या भुयारी आगगाडीच्या जिन्यापाशीं एक तरुण पदपथावर हात पसरून पडला आहे. चक्कर आली, कीं पाय घसरला, चित्र कांहींच सांगत नाहीं. जिन्यावरचे लोक थबकून पाहत आहेत. एक सायकलवाला मान वळवून पाहत आहे. आणि हातोडा घेतलेला एक कामकरी त्या पडलेल्या देहावरून पाऊल टाकून पुढें जात आहे. एवढ्या माणसांपैकीं एकाचाहि हात त्याला उचलण्यासाठीं पुढें झालेला नाहीं. शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. त्या दाखल्यांतील याजक व लेवी येथें आपणांस विसाव्या शतकाच्या पोशाखांत भेटतात. पडणाऱ्याचें पडणें मोठें, कीं पाहणाऱ्यांचें नुसतें पाहत राहणें मोठें, असा प्रश्न मेयरोविट्झ ह्यांनींहि ह्या चित्राविषयीं केला आहे.

पण चिकित्सक विद्यार्थी येथें लगेच विचारील, कीं मग छायाचित्रकारानें तरी काय केलें? त्यानेंहि चित्रच घेतलें ना? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याला आम्ही बगल देऊं इच्छीत नाहीं. छायाचित्र म्हणजे एका सेकंदाचा शेंकडावा भाग. त्याच्या पुढच्या क्षणीं कोण धांवून आलें हें त्यांत दिसत नाहीं. म्हणून त्या हातोडेवाल्याला निष्ठुर ठरविण्याची घाई करूं नये. कदाचित् तोच पुढें वळला असेल. छायाचित्र खोटें बोलत नाहीं, पण तें फार थोडें बोलतें. अनोळखी माणसाचें चित्र त्याला न विचारतां घ्यावें कीं काय, हाहि वाद जुना आहे, व निरनिराळ्या देशांत त्याविषयींचे कायदेहि निरनिराळे आहेत. मेयरोविट्झ दुरून लांब भिंगानें चोरून चित्रें घेत नाहींत. लहान कॅमेरा घेऊन, माणसांच्या गर्दींत, त्यांना दिसेल असेच उभे राहतात. एवढ्यानें वाद मिटला असें नाहीं. परंतु झुडपाआडून पाहणारा आणि समोर उभा राहून पाहणारा ह्यांत आम्हांस तरी मोठा फरक दिसतो.

युरोपच्या प्रवासांत धांवत्या मोटारीच्या खिडकींतून घेतलेल्या चित्रांचें प्रदर्शन १९६८ सालीं उपर्युक्त म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टनें भरविलें. छायाचित्रकार होऊन त्यांना सहाच वर्षें झालीं होतीं. १९७० व १९७८ ह्या दोन वर्षीं त्यांस गुगेनहाइम शिष्यवृत्ति मिळाली. कूपर युनियन ह्या न्यूयॉर्कमधील संस्थेंत ते शिकवूंहि लागले. मानसन्मानांची यादी लांबविण्यांत अर्थ नाहीं.

अधिक लक्षांत घेण्याजोगी गोष्ट १९७६ सालची. रस्त्यावरच्या वेगांत चौदा वर्षें घालविल्यावर ह्या माणसानें एकाएकीं जगांतला बहुधा सर्वांत मंद कॅमेरा विकत घेतला. हा डिअरडॉर्फ जातीचा मोठा लाकडी कॅमेरा १९३८ सालीं, म्हणजे त्यांच्या जन्मवर्षींच, बनविलेला होता. तो तिकाटण्यावर उभा करावयाचा, डोक्यावर काळें कापड घ्यावयाचें, मागच्या कांचेवर पडणारें उलटें प्रतिबिंब न्याहाळावयाचें, आणि मग आठ इंच रुंद व दहा इंच लांब अशी एकेक फिल्म घालून एकेक चित्र घ्यावयाचें. आपल्या आजोबांच्या वेळचे छायाचित्रकार वापरीत तसाच हा प्रकार. तो घेऊन ते केप कॉड ह्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील समुद्रांत शिरलेल्या भूभागीं गेले, व तेथील ओसऱ्या, कुंपणें, वाळू आणि संधिप्रकाश ह्यांचीं चित्रें घेऊं लागले. "केप लाइट" हें त्या चित्रांचें पुस्तक. त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आहेत. धांवणाऱ्यानें मुद्दाम लंगडी घालावी तसें हें कित्येकांस वाटलें असेल. पण ह्या मंदगति यंत्रानें त्यांना जें शिकविलें त्याचा उपयोग पंचवीस वर्षांनीं व्हावयाचा होता.

तत्पूर्वीं एक घरगुती प्रकरण. वडील वृद्ध झाले होते व त्यांस स्मृतिभ्रंश झाला होता. ज्या माणसानें मुलाला पाहावयास शिकविलें त्याला आतां काल पाहिलेलें आज आठवेना. मेयरोविट्झ ह्यांनीं वडिलांना व आपल्या मुलाला, साशाला, मोटारींत घेतलें आणि फ्लॉरिडापासून न्यूयॉर्कपर्यंत तीन आठवडे प्रवास केला. आजोबा, बाप व नातू ह्यांच्या ह्या प्रवासाचा "पॉप" नांवाचा चित्रपट १९९८ सालीं दाखविण्यांत आला. घरीं वृद्ध माणसें असलेल्या कुटुंबांनीं तो अवश्य पाहावा. त्यांत दुःख आहे. पण म्हातारा मधूनच असें कांहीं मार्मिक बोलून जातो कीं हंसूं आवरत नाहीं, आणि त्याचा मुलगा त्या हंसण्याची लाज वाटूं देत नाहीं.

११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे एकशेंदहा मजल्यांचे दोन्ही मनोरे दहशतवाद्यांनीं विमानें आदळवून पाडले. तेथें २,७५३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. १९८१ सालापासून मेयरोविट्झ आपल्या चित्रशाळेच्या खिडकींतून ह्याच मनोऱ्यांचीं, निरनिराळ्या ऋतूंत व निरनिराळ्या उजेडांत, चित्रें घेत आले होते. त्या दिवशीं ते केप कॉडला होते. रस्ते खुले झाल्यावर ते शहरांत परतले व त्या जागेजवळ, अडविलेल्या हद्दीबाहेर लोकांच्या घोळक्यांत जाऊन उभे राहिले. पाहण्यासारखें फारसें दिसत नव्हतें. संवयीनें त्यांनीं कॅमेरा डोळ्याशीं नेला, तोंच पाठीमागून एका पोलीस स्त्रीनें त्यांना टोकलें: येथें चित्रें घेण्याची मनाई आहे, ही गुन्ह्याची जागा आहे.

ह्या बंदीस कारण नव्हतें असें नाहीं. ढिगाऱ्याखालीं माणसें होतीं; त्यांच्या आप्तांच्या दुःखाचा तमाशा होऊं नये, ही भावना सभ्यपणाचीच होती. पण मेयरोविट्झ ह्यांच्या मनांत दुसरा विचार आला. चित्रेंच घेतलीं नाहींत तर ह्या घटनेची नोंद राहणार नाहीं. आणि नोंद नाहीं तर पुढच्या पिढ्यांना इतिहास कोठून मिळणार? एखादा तरुण असता तर रागानें भांडला असता किंवा कुंपणावरून उडी टाकून आंत शिरला असता. मेयरोविट्झ ह्यांचें वय तेव्हां त्रेसष्ट होतें. त्यांनीं शहराच्या इतिहास-संग्रहालयाचें, म्हणजे म्यूझियम ऑफ दि सिटी ऑफ न्यूयॉर्कचें, साहाय्य मिळविलें, अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजविले, आणि सप्टेंबर महिना संपण्यापूर्वींच ते आंत पोंचले. तरीहि रक्षक त्यांना पुनःपुन्हां हांकलून देत. ते पुनःपुन्हां परवाने दाखवून आंत येत. शेवटीं तेथें काम करणाऱ्या गुप्त पोलीस अधिकाऱ्यांनींच त्यांना आपलेंसें केलें. आंत अनिर्बंध वावरण्याची मुभा मिळालेले ते एकटेच छायाचित्रकार होत.

तेथें ते ढिगारा उपसण्याचें काम मे २००२ मध्यें संपेपर्यंत, जवळजवळ नऊ महिने, जात राहिले, आणि आठ हजारांहून अधिक चित्रें घेतलीं. ह्या चित्रांत काय आहे? वांकलेलें पोलाद आहे, धूर आहे, रात्रीं दिव्यांच्या झोतांत काम करणारीं अजस्र यंत्रें आहेत. पण मन खिळतें तें माणसांपाशीं. अग्निशामक दलाचे लोक दांताळ्यांनीं माती विंचरीत आहेत, कारण मृत बांधवाचा लहानसा अवशेष सांपडला तरी त्याच्या घरच्यांस तेवढा आधार होईल. धुळीनें माखलेला एक वेल्डर दमून बसला आहे. ह्या माणसांना "हलूं नका" असें सांगणें शक्यच नव्हतें. आणि त्याच वेळीं एवढ्या विराट देखाव्याचा बारीक तपशील उतरविण्यासाठीं मोठा लाकडी कॅमेराहि लागत होता. फिफ्थ ॲव्हेन्यूवर मिळविलेली चपळाई व केप कॉडच्या वाळूंत मिळविलेला धीर, दोन्ही येथें एकाच माणसाच्या हातीं होतीं. त्या काळांत अमेरिकेंत दुसरे निष्णात छायाचित्रकार नव्हते असें नाहीं. परंतु ह्या विशिष्ट कामाची एवढी पूर्वतयारी दुसऱ्या कोणाची असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ह्या संग्रहांतून निवडलेल्या चित्रांचें प्रदर्शन अमेरिकन सरकारनें साठ देशांतील दोनशेंहून अधिक शहरीं पाठविलें. आणि "आफ्टरमाथ" हा मोठा ग्रंथ २००६ सालीं निघाला. बंदी घातलेल्या कॅमेऱ्याचीं चित्रें सरकारनेंच जगभर फिरवावीं, ह्यांतली गंमत वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल.

ह्यानंतरहि ते स्वस्थ बसले नाहींत. रस्त्यावरील छायाचित्रणाचा इतिहास त्यांनीं कॉलिन वेस्टरबेक ह्यांच्यासह "बायस्टँडर" ह्या नांवानें १९९४ सालींच लिहिला होता. त्याची सुधारलेली आवृत्ति २०१७ सालीं निघाली. न्यूयॉर्क सोडून ते इटलींत टस्कनी प्रांतीं राहावयास गेले, पुढें लंडनला आले. फ्रेंच चित्रकार सेझान ह्यांच्या चित्रशाळेंत जाऊन त्यांनीं तेथील बुधले, पेले, टोप्या अशा जुन्या वस्तूंचीं एकेक करून चित्रें घेतलीं. २०२० सालीं महामारीमुळें जगांतले रस्तेच ओस पडले. रस्त्यावरच्या छायाचित्रकारानें तेव्हां काय करावें? ब्याऐंशीं वर्षांच्या मेयरोविट्झ ह्यांनीं कॅमेरा स्वतःकडे वळविला व रोज स्वतःचें एक चित्र घेण्याचा क्रम धरला. २०२५ सालीं सोनी जागतिक छायाचित्रण पारितोषिकांच्या प्रसंगीं छायाचित्रणांतील थोर कामगिरीबद्दल त्यांचा गौरव करण्यांत आला.

हा पाठाचा लेख असल्यामुळें विद्यार्थ्यांसाठीं एक अभ्यास देतों. सुटीच्या दिवशीं सकाळीं, वडील माणसांस सांगून, आपल्या गांवच्या बाजारांत किंवा मोटारीच्या थांब्यापाशीं एका जागीं पंधरा मिनिटें उभें राहावें. जवळ कॅमेरा घेऊं नये. कोण थांबलें, कोण वळलें, कोणाच्या हातांत काय होतें, ऊन कोठून येत होतें, हें नुसतें पाहावें, आणि घरीं येऊन दहा ओळींत लिहावें. दुसऱ्या आठवड्यास त्याच वेळीं, त्याच जागीं, कॅमेरा घेऊन जावें व तीसच चित्रें घ्यावींत. त्यांतलीं दोन ठेवून अठ्ठावीस पुसून टाकावींत. तींच दोन कां ठेविलीं हें चित्रांखालीं एकेका वाक्यांत लिहून चित्रकलेच्या शिक्षकांकडे द्यावें. आणि चित्रांत एखाद्या ओळखीच्या दुकानदाराचा किंवा हमालाचा चेहरा आला असेल, तर एक प्रत त्यालाहि नेऊन दाखवावी.